‘टाइद’साठी मराठीत ‘दशमांश’ चालेल का?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या आयरिश खेड्यांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘बटरमिल्क’ला ‘ताक’ आणि ‘टाइद’ला (tithe, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) ‘दशमांश’ म्हणावे का, असे आपण विचारले आहे. ‘ताक’ निःशंक लिहावे. घुसळून लोणी काढल्यावर उरते ते ताकच आणि तिथले गरीब कुटुंब उकडलेल्या बटाट्यांबरोबर तेच पीत असे. लोणी मात्र बहुधा खंडाच्या, म्हणजे जमिनीच्या भाड्याच्या, पैशांसाठी बाजारात जाई.

‘दशमांश’ हा शब्द अर्थाने बरोबर असला, तरी नुसता वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तो रूढ आहे, परंतु तिथे श्रद्धेने, आपल्याच मंडळीला दिलेला वाटा असा त्याचा अर्थ होतो. आयर्लंडमध्ये ही कायद्याची सक्ती होती आणि बहुसंख्य कॅथलिक शेतकऱ्यांना, तसेच प्रेस्बिटेरियन या वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनाही, ती आपले नसलेल्या राजमान्य अँग्लिकन चर्चसाठी भरावी लागे. त्यातच १७३५ मध्ये तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने चराऊ जमिनीवरील वसुलीविरुद्ध ठराव केल्यामुळे मोठे गुरेवाले बव्हंशी सुटले आणि भार नांगराखालच्या जमिनीवर पडला. मन्स्टर प्रांतात तर गरिबाच्या पोटाचा आधार असलेल्या बटाट्यावरही ही वसुली होई. १८२३ च्या कायद्याने धान्याऐवजी ठरावीक रोख रक्कम घेण्याची सोय केली आणि कुरणेही कक्षेत आणली, तरी असंतोष शमला नाही. १८३० च्या दशकात शेतकऱ्यांनी भरणा नाकारला, जप्त्या आल्या, रक्त सांडले आणि १८३८ मध्ये रक्कम चतुर्थांशाने घटवून जमीनदारांकडून घेण्याचे ठरले, म्हणजे कुळाच्या दृष्टीने ती खंडात मिसळली. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘चर्चचा सक्तीचा दशमांश कर’ असे लिहावे आणि पुढे ‘दशमांश’ पुरेल.

याच संदर्भात आणखी दोन शब्द आपल्याला भेटतील. ‘टाइद प्रॉक्टर’ हा कापणीपूर्वी शेतात फिरून उभ्या पिकाचा अंदाज बांधणारा आणि त्यावरून देणे ठरवणारा माणूस असे; त्याला ‘गुमास्ता’ शोभतो. ‘टाइद फार्मर’चा मात्र शेतीशी संबंध नाही. पाद्रीला ठरावीक रक्कम देऊन वसुलीचा हक्क घेणारा आणि त्यावर नफा कमावणारा तो इसम होता, त्यामुळे तिथे ‘शेतकरी’ लिहिल्यास लुबाडणारा आणि लुबाडला जाणारा एकच होऊन बसेल. ‘मक्तेदार’ किंवा ‘इजारदार’ लिहावे.