कावळे-साळुंक्याच मोजा

फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीगणनेत आपल्या महाविद्यालयाने भाग घ्यावा का, की तेवढ्या आकड्यांवरून वाढ-घट कळत नसल्याने हे नुसतं चार दिवसांचं कौतुक आहे, असं तुम्ही विचारलंय. परभणीकडचं आवार, तिथे कावळे, साळुंक्या, होले यांपलीकडे फारसं काही नाही आणि मुलंही नवखी, ही तुमची अडचण. मी म्हणेन, जरूर भाग घ्या. आवारात कावळे-साळुंक्याच आहेत म्हणून तर नक्की घ्या.

दुर्मीळ पक्षी पाहायला लोक आपणहून जातात. भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात गर्दी असते, पुण्या-मुंबईभोवती नोंदींचा ढीग आहे. बसस्थानकामागची साळुंकी आणि ज्वारीच्या बांधावरची टिटवी मात्र कोणी लिहीत नाही. घट सुरू होते ती अशाच पक्ष्यांत, आणि ती लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. तारेवर बसणारा नीलपंख आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलाय. तो सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ च्या देशव्यापी पक्षी-अहवालातून पुढे आलं. या अहवालात ९४२ प्रजातींचा विचार झाला आणि त्यामागे ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी होत्या. उलट चिमणी संपत चालली असं सगळेच म्हणत होते, पण २०२० च्या अहवालात ती मोठ्या शहरांत घटलेली आणि देशभर मिळून बऱ्यापैकी स्थिर दिसली. हे कळलं ते लोकांनी साध्या पक्ष्यांच्या याद्या केल्या म्हणून.

आता मुलांना सर्वांत आधी काय शिकवायचं, तर पूर्ण यादी. एका जागी किमान १५ मिनिटं, आणि ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, संख्येसकट. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना शेवटी विचारतात की ओळखलेले सगळे पक्षी यात आहेत का. तिथे प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. या एका ‘हो’मुळे यादीत नसलेला पक्षीही नोंद होतो: या वेळी, इतक्या वेळात, इथे नीलपंख दिसला नाही. फक्त खास पक्षीच लिहिले, तर कावळा नव्हता की कंटाळून लिहिला नाही, हे पुढे कुणालाच कळणार नाही.

नवखी मुलं चुकतील, हे खरं. पण ती चुकतात एकसारख्या दिसणाऱ्या वटवट्यांत, तिरचिमण्यांत, उंच घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांत. साळुंकीत कोण चुकतं? खात्री नसेल तिथे ‘वटवट्या, प्रजाती अनिश्चित’ असं लिहायची सोय आहे. ती वापरायला संकोचू देऊ नका. शिवाय त्या भागात अनपेक्षित पक्षी किंवा अवाजवी आकडा आला की नोंद आपोआप वेगळी निघते आणि अनुभवी स्वयंसेवक ती तपासून विचारणा करतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. सर्वाधिक प्रजातींना बक्षीस ठेवू नका. त्याने मुलं अंदाज ठोकायला लागतात, घरट्यांजवळ जातात, मोबाइलवर आवाज लावून पक्ष्यांना बोलावतात. बक्षीस द्यायचंच तर जास्तीत जास्त पूर्ण याद्यांना द्या.

फेब्रुवारीतली ही गणना १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, भारत २०१३ पासून त्यात आहे. केवळ चार दिवसांच्या आकड्यांवरून वाढ-घट सांगता येत नाही, हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. पण पक्षी लिहून ठेवायची सवय माणसाला लागते ती अशाच दिवसांत. केरळने २०१५ ते २०२० या काळात सगळं राज्य चौकोनांत वाटून पक्षी-नकाशा तयार केला, तो हजारावर स्वयंसेवकांच्या बळावर. तेवढी माणसं एका दिवसात उभी राहत नाहीत. मराठवाड्यात ती तयार व्हायची आहेत, आणि तुमच्या वर्गातून चार जण जरी दर आठवड्याला यादी करू लागले तरी मला ते मोठं वाटेल.

आवाराजवळ पांगरा, पळस किंवा सावर फुललेली असेल तर पहिली तुकडी तिथे उभी करा. त्या दिवसांत भोरड्या, कोतवाल, शिंजीर फुलांवर येतात आणि नवख्यालाही जवळून दिसतात. भोरड्यांचा मोठा थवा आला तर एकेक मोजत बसू नका. आधी दहांचा गट नजरेने धरा आणि तसे किती गट बसतात ते पाहा. जागा आणि वेळ वहीत लिहून ठेवा, म्हणजे जूनमध्ये पाऊस पडल्यावर त्याच जागी पुन्हा यादी करता येईल.