चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) गेला का?

बहुतेक वेळा नाही. दिवा लागलाय म्हणजे ईसीयू शुद्धीवर आहे आणि दुसऱ्या कुणाची तरी तक्रार करतोय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) लावून कोड वाचा, पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला की लोक सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलतात. खरं तर तो सेन्सर एवढंच सांगत असतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. इनटेकचा (इंजिनात हवा नेणारा) फाटका पाइप किंवा दमलेला फ्युएल पंपही त्याला कारण असू शकतो.

ईसीयूवर संशय घ्यायचा तो पी०६०६ सारखा, त्याच्या स्वतःच्या प्रोसेसरचा कोड आला तर. किंवा चावी फिरवल्यावर दिवा लागतच नाही आणि स्कॅनरही जोडला जात नाही, तेव्हा. तरीही आधी फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंग तपासा. ईसीयूपर्यंत करंटच पोचत नसेल तर तो बिचारा बोलणार कसा?

एक गंमत माहीत असू द्या. बरेचसे सेन्सर ईसीयूकडून येणाऱ्या ५ व्होल्टच्या एकाच लाइनवर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळे एकदम बोंबलतात आणि ईसीयूच जळाल्यासारखं वाटतं. अशा वेळी एकेका सेन्सरचा कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर मल्टिमीटरवर पुन्हा ५ व्होल्ट दिसतील, तो चोर. (त्याची वायरही बघा.)

आणि कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका. त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम डेटाही (कोड आला त्या क्षणीच्या इंजिनच्या नोंदी) जातो.