जुन्या लेन्सने परसातला शिंजीर टिपताना

प्रश्न : काकांची २०० मिलिमीटर, एफ/४ ची जुनी लेन्स ॲडॉप्टर लावून मी एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान) सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली आहे. घरामागच्या जास्वंदीवर येणारा शिंजीर मात्र प्रत्येक फोटोत अंधुकच येतो. सोबत दोन फोटो पाठवत आहे. दोष लेन्सचा आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : लेन्समध्ये दोष दिसत नाही, कारण आपल्या दोन्ही फोटोंत पक्षी अंधुक असला, तरी त्याच्या मागच्या पानाच्या शिरासुद्धा रेखीव उमटल्या आहेत. फोकस पक्ष्याच्या मागे पडतो आहे, एवढेच. तीन मीटर अंतरावरून एफ/४ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून, फोटो काढताना आपल्या सेन्सरवर रेखीव येणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर खोल असतो, आणि शिंजिराची चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी दहा सेंटीमीटरच्या आसपास असते. त्यामुळे तो आपल्याकडे तोंड करून बसला, तर डोळा आणि शेपूट दोन्ही रेखीव मिळणार नाहीत. डोळा साधावा, शेपूट सोडून द्यावी.

पक्षी आल्यावर फोकसची रिंग फिरवू लागलात, तर उशीर झालाच म्हणून समजा. शिंजीर त्याच त्या फुलांवर पुन्हा पुन्हा येतो आणि बरेचदा शेजारच्या एखाद्या काटकीवर क्षणभर टेकतो. दोन सकाळी नुसते बसून ती काटकी हेरावी, कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, पडद्यावरची प्रतिमा मोठी करून काटकीच्या सालीवर फोकस जुळवावा आणि मग रिंगला हात न लावता वाट पाहावी. हे थांबणेच मला या छंदातले सर्वांत आनंदाचे काम वाटते. फोकस पीकिंगच्या (रेखीव भाग पडद्यावर रंगाने दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत कडा प्रत्यक्ष रेखीव भागापेक्षा रुंद पट्ट्यावर उमटतात, म्हणून अखेरचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. उजेड पुरेसा असेल, तर छिद्र लहान करून एफ/५.६ ठेवल्यास तो पट्टा पाच सेंटीमीटरपर्यंत वाढतो. शटर मात्र १/५०० सेकंदाहून मंद नसावे. कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरण्याची सोय) असल्यास आणि फोटो हातात धरून काढायचा असल्यास मेनूत फोकल लेंग्थ लेन्सवरची २०० अशीच भरावी, लहान सेन्सरमुळे दीडपट धरली जाणारी ३०० नव्हे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ही लेन्स चामड्याच्या जुन्या पाकिटात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि भिंगांवर बुरशी चढते. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरे.