रीडिंग नॉर्मल, जीव घाबरा
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. घरात बीपीचं मशीन, मनगटावर घड्याळ, कपाटात रिपोर्टांची फाइल असं सगळं असताना जिवाला चैन नाही, असं चौघांनीही लिहिलं आहे. मी फॅमिली डॉक्टर आहे आणि ही तक्रार आता माझ्या टेबलासमोर रोजची झाली आहे.

प्रश्न : माझं वय ५८. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. निवृत्त झाल्यावर घरी मशीन घेतलं. सकाळी १२८ येतं, थोड्या वेळाने १४६, खात्री करायला पुन्हा घेतलं की १५८. दिवसातून आठ-दहा वेळा मोजतो, रात्री जाग आली तरी मोजतो. बायको वैतागली आहे. यातलं खरं रीडिंग कुठलं? माझ्या वडिलांना साठाव्या वर्षी पक्षाघात झाला होता.

सगळीच खरी. रक्तदाब ठोक्याठोक्याला बदलतो आणि तो बदलायलाच हवा. जिना चढलात, कुणाशी वाजलं, लघवी तुंबवून बसलात, की तो वर जाणारच. नुसतं बोलत बोलत मोजलं तरी वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. तुमचं तिसरं रीडिंग १५८ आलं, कारण दुसऱ्याने तुम्ही घाबरला होतात.

माझ्या पेशंटना मी मशीन घेऊन यायला सांगते आणि म्हणते, घरी मोजता तसंच इथे मोजून दाखवा. मग गप्प बसून बघते. मागे एक गृहस्थ आले होते. खुर्चीच्या कडेला बसले, पायावर पाय. शर्टाची बाही वर सरकवलेली, ती दंडाला करकचून बसलेली. पट्टा घसरून कोपरावर आलेला, हात मांडीवर. आणि पट्टा फुगत असताना मला सांगत होते, की बघा हं डॉक्टर, आता जास्तच येणार. आलं १५४. मग बाही काढायला लावली, पाठ टेकवली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. पाच मिनिटं एक शब्द नाही. १३६.

तुम्हीही असंच बसा. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते एकदा तपासून घ्या, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. सलग सात दिवस मोजा : सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. जे येईल ते लिहा, आवडलं नाही म्हणून तिसऱ्यांदा घेऊ नका. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर साधारणपणे ठीक. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० वर असते, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर बऱ्याच जणांचा दाब चढतो. तुमच्यासाठी नेमकं किती हवं, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. वही त्यांना दाखवा आणि ते पुन्हा सांगेपर्यंत मशीन कपाटात ठेवा.

दंडाचा पट्टा इटलीतले डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला, आणि तो सोडताना कानाला काय ऐकू येतं ते रशियातले डॉक्टर कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये सांगितलं. पुढे कित्येक दशकं हे काम दवाखान्यातच होत असे. आता ते घरी होतं याचा मला मनापासून आनंद आहे, घरच्या नोंदींवर मी माझ्या टेबलावरच्या एका रीडिंगपेक्षा जास्त विश्वास ठेवते. पण कधी मोजायचं नाही, हे मशीनच्या खोक्यात लिहिलेलं नसतं.

आकडा १८०/१२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, हातापायातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला अंधुक होणं किंवा भयंकर डोकेदुखी असेल, तर थेट हॉस्पिटल. ही लक्षणं असतील तर आकडा कमी आला तरी थांबू नका. यातलं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने जादा गोळी घेऊ नका, दाब एकदम उतरणंही धोक्याचं.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, मला मात्र सगळं पत्र त्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं. तुम्ही ५८ चे आहात आणि साठावं वर्ष समोर दिसतं आहे. रात्री जाग येते ती बहुधा त्यानेच. तर हे ऐका : वरचा रक्तदाब १० ने उतरला की पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिस्स्याने कमी होतो. हे अनेक मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलेलं आहे. रोज एक गोळी नेमाने घेऊन तुम्ही वडिलांच्या वाटेवरून बाजूला झालाच आहात. ही भीती बायकोला मोकळेपणाने सांगा. तिला फक्त मशीनचा आवाज ऐकू येतो आहे, त्यामागचं तिला ठाऊक नसेल.

प्रश्न : वय २९. घड्याळाने 'हृदयाचे ठोके अनियमित' अशी सूचना दिली. धावत जाऊन ईसीजी काढला, तो नॉर्मल. तरी व्यायाम बंद केला आहे. कुणावर विश्वास ठेवू?

दोघांवर थोडाथोडा. घड्याळ मनगटावर हिरवा उजेड पाडून नाडी बघतं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर विस्कळीत दिसलं की सूचना देतं. ईसीजी तेवढ्या काही सेकंदांपुरता खरा. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, येतं नि जातं, त्यामुळे एका नॉर्मल ईसीजीने विषय संपत नाही. एका घड्याळावरचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार लाखांहून अधिक माणसं होती. अशी सूचना आली फक्त ०.५ टक्के लोकांना, आणि त्यांतल्या ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा विकार त्या काळात सापडला. तेव्हा सूचना आली म्हणजे तपासायला हवं, निदान झालं असं नव्हे.

डॉक्टरांना घड्याळातली नोंद दाखवा आणि होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर राहणारा ईसीजी, लावायचा का ते विचारा. थायरॉइडही बघून घ्या. काहीच त्रास होत नसेल तर चालणं बंद करायचं कारण नाही, जोराचा व्यायाम तपासणीनंतर. भोवळ, धाप, छातीत दुखणं असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आजच जा.

प्रश्न : घड्याळ रोज सांगतं की माझी गाढ झोप चाळीस मिनिटांच्या आत आहे. तेव्हापासून सकाळी आधी आकडा बघते आणि दिवसभर थकल्यासारखं वाटतं. वय ३४.

घड्याळाला तुमचा मेंदू दिसत नाही. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजतात, त्यावरून झोपेचे टप्पे ठरतात. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, हे ते बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोपेच्या मिनिटांवर मी एकही निर्णय घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. आकड्यासाठी झोपण्याचा हा ध्यास इतका पसरला, की २०१७ मध्ये झोपतज्ज्ञांनी त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं स्वतंत्र नाव दिलं.

दोन आठवडे घड्याळ उतरवून झोपा आणि सकाळी स्वतःलाच विचारा, कसं वाटतंय? उठायची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात काहीतरी शांत करा, पेंग आली की परत या. तरीही महिनोन्‌महिने झोप लागत नसेल तर गोळीआधी निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे सवयी आणि विचार दोन्हींवर काम करणारे उपचार, करून बघा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून तेच सुचवलं आहे. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं असेल तर मात्र वाट बघू नका, रीतसर झोपेची तपासणी करून घ्या.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, एकदम फिट आहेत. पण हे दिवसभर एका खुर्चीत बसून असतात, बोट नाडीवर. मित्रांचे फोन घेत नाहीत. मुलावर खेकसतात आणि मग डोळे पुसतात. 'आता काय राहिलंय' असं म्हणतात. घरचे म्हणतात नशिबाने वाचले, आणि हे रडतात. मी काय करू?

ताई, यांचं हृदय सावरलं असेल, पण हे अजून त्या रात्रीतून बाहेर आलेले नाहीत. ही कुरकुर नाही, लाड तर नाहीतच. हार्ट अटॅकनंतर साधारण पाच जणांत एकाला खरं, उपचार लागणारं नैराश्य येतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये स्पष्टच म्हटलं, की अशा पेशंटमध्ये नैराश्य हा स्वतंत्र धोका मानावा. कारणंही समजण्यासारखी आहेत. मन खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, सिगारेटकडे परत वळतो. शिवाय नैराश्यात शरीरातली ताणाची यंत्रणाही सतत चेतलेली राहते.

दोन प्रश्न त्यांना शांतपणे विचारा. गेल्या दोन आठवड्यांत, कशातच रस वाटत नाही असं बऱ्याचदा झालं का? उदास, हताश वाटलं का? एकाचंही उत्तर हो आलं तर पुढची पायरी डॉक्टर. 'आता काय राहिलंय' म्हणतात तेव्हा विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जगू नये असं वाटतं का तुम्हाला?' विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या स्वतःच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

हृदयाच्या पेशंटला मनाच्या गोळ्या चालतात का, हे तुम्हाला कुणीतरी विचारेलच. सर्ट्रालीन या औषधाची अशाच पेशंटवर चाचणी झाली, निष्कर्ष २००२ मध्ये आले आणि ते हृदयाला सुरक्षित ठरलं. सगळीच औषधं तशी नाहीत, म्हणून निवड डॉक्टरांची, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पूर्ण यादी त्यांना द्या. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. बरं वाटलं म्हणून आपणहून बंद करू नये. सौम्य त्रासात तर समुपदेशन आणि व्यायामही पुरतो.

व्यायाम म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हॉस्पिटलच्या देखरेखीखाली करायचा व्यायाम, असतं. माझा एक पेशंट आठवतो. पहिल्या दिवशी ट्रेडमिलची दांडी दोन्ही हातांनी पकडून उभा, नजर मॉनिटरवरून हलेना. फिजिओथेरपिस्ट शेजारी उभी राहून एवढंच सांगत होती, 'ठोके वाढले, वाढायलाच हवेत. आता थांबू. बघा, उतरले.' ते वाढून उतरताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या खेपेला एक हात सुटला होता. कुठलाही रिपोर्ट हे देऊ शकत नाही. तुमच्या हॉस्पिटलमध्ये रिहॅब आहे का ते विचारा. नसेल तर कार्डिओलॉजिस्टकडून रोज किती मिनिटं, किती वेगाने चालायचं हे लिहून आणा आणि पहिले काही दिवस सोबत चाला.

एक गोष्ट जोडपी विचारत नाहीत आणि डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून मीच लिहिते. शरीरसंबंधांची भीती दोघांनाही असते, आणि त्यातून जवळ बसणंसुद्धा थांबतं. प्रकृती स्थिर असेल आणि दोन जिने न थांबता, धाप न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर सहसा हरकत नसते. कार्डिओलॉजिस्टना एकदा विचारून घ्या. फक्त नायट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी किंवा त्याच जातीचं रोजचं औषध, चालू असेल तर लैंगिक ताठरतेची गोळी अजिबात घ्यायची नाही. दाब धोकादायक पातळीपर्यंत पडतो.

पुढच्या तपासणीला तुम्ही आत जा, बाहेर बाकावर थांबू नका. फाइल उघडायच्या आधी तुमचं पत्र वाचून दाखवा : खुर्ची, नाडीवरचं बोट, न घेतलेले फोन. नाडी आणि इको बघून यातलं काहीच कळत नाही, हे तुम्हीच सांगायला हवं. आणि चार महिने रात्री तुम्हीही त्यांचा श्वास ऐकत जाग्या असणार. मुलाला आठवड्यातल्या दोन रात्री वडिलांच्या खोलीत झोपायला सांगा, तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा.