जुन्या, छोट्या आउटबोर्ड मोटरीला टॅकोमीटर बसवता येतो का?

होडीच्या मागे बाहेरून लावलेली तुमची मोटर दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारी आहे. बॅटरी नाही. गाडीचा जुना टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या (आरपीएम) होतात ते दाखवणारा मीटर, पडून आहे, तो लावला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. टॅकोमीटर नक्की बसेल, पण गाडीचा नको.

गाडीचा टॅकोमीटर बॅटरीवरच्या इग्निशनचे (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे) विजेचे ठोके मोजायला बनवलेला असतो. तुमच्या मोटरीत ठिणगीची वीज फ्लायव्हीलखालच्या (इंजिनावरच्या जड फिरत्या चाकाखालच्या) मॅग्नेटोतून, म्हणजे चुंबकाने वीज करणाऱ्या यंत्रातून येते आणि तिच्या प्रायमरी बाजूला, म्हणजे प्लगकडे जाण्याआधीच्या बाजूला, दोन-तीनशे व्होल्टचे झटके असू शकतात. मोटर बंद करायच्या बटणाची वायर हाताशी येते म्हणून पुष्कळ जण मीटर तिथेच जोडतात. ती वायर याच बाजूची. मीटर जळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे मीटरमध्ये आत कुठे शॉर्ट झालं तर मोटर भर पाण्यात बंद पडते, कारण ही वायर अर्थला टेकली की ठिणगी थांबते, तिचं कामच ते आहे. त्या वायरीला हात लावू नका, एवढं माझं ऐकाच.

आता मोटरीचं झाकण काढा आणि फ्लायव्हीलखालून कोणत्या वायरी बाहेर येतात ते बघा. इग्निशनच्या वायरी सोडून आणखी दोन, बहुधा पिवळ्या, दिसल्या तर आत दिव्याची किंवा चार्जिंगची कॉइल (वीज करणारं तारेचं वेटोळं) आहे. बोटीचे नेहमीचे काट्याचे टॅकोमीटर तिच्यावरच चालतात. सिग्नल रेक्टिफायरच्या (एसी विजेची डीसी करणाऱ्या भागाच्या) आधी, पिवळ्या वायरीवरूनच घ्यायचा. रेक्टिफायरनंतर वीज डीसी होते आणि मोजायला ठोके उरत नाहीत.

या मीटरच्या मागे पोल (चुंबकाची टोकं) किती ते निवडायची खूण, म्हणजे सेटिंग, असते. फ्लायव्हीलमधल्या चुंबकाचे जितके पोल, त्याच्या निम्मे ठोके एका फेरीत मिळतात: ४ पोलला २, १२ पोलला ६. माझा मीटर पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटलला २,६०० वर अडकला होता. मोटर तर व्यवस्थित पळत होती. मीटर ८ पोलवर होता आणि मोटर ४ पोलची निघाली. खूण बदलली आणि काटा ५,२०० वर गेला. आकडा बरोबर निम्मा किंवा दुप्पट दिसला की मोटरीवर शंका घेण्याआधी ही खूण बघा. फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टीमीटर असेल तर पिवळ्या वायरींवर लावा. १२ पोलच्या मोटरीत हर्ट्झला १० ने गुणलं की आरपीएम मिळतात, ४ पोलच्या मोटरीत ३० ने.

पण या काट्याच्या मीटरला स्वतःला १२ व्होल्ट लागतात आणि तुमच्याकडे बॅटरी नाही. त्यामुळे तुमच्यासाठी मी इंडक्टिव्ह मीटर, म्हणजे वायरीला न जोडता नुसता वेढा घालून ठिणग्या मोजणारा मीटर, सुचवेन. त्याच्या आत स्वतःचा सेल असतो. त्याची वायर एका प्लगच्या जाड वायरीवर चार-पाच वेढे घालून केबल टायने बांधायची. काही कापायचं नाही, सोलायचं नाही. मीटरला अर्थची वायर असेल तर ती इंजिनच्या धातूवर घट्ट कसा, रंगावर नव्हे.

इथेही एक सेटिंग आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर टू-स्ट्रोकमध्ये फेरीला एक ठिणगी. एकच कॉइल दोन्ही प्लगना एकदम ठिणगी देत असेल तर बहुतेक वेळा फेरीला दोन पडतात. मीटर त्याप्रमाणे लावा. आकडा उड्या मारत असेल तर एक-दोन वेढे कमी करा आणि मीटरची वायर दुसऱ्या प्लगच्या वायरीपासून लांब न्या. मोटर सुकाणूसाठी वळते आणि पंखा (होडी ढकलणारा, पाण्यातला) वर घेताना तिरकी होते, तेव्हा वायरीला तेवढी ढील हवी. माझी पहिली वायर याच ताणाने झाकणाच्या कडेवर सोलली गेली होती.

हे सगळं मी ज्यासाठी केलं ते पंख्यासाठी. मोटरीच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची आरपीएम मर्यादा दिलेली असते, अनेक मोटरींना ती ४,५०० ते ५,५०० च्या आसपास असते. रोजची माणसं, रोजचं सामान घेऊन, सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि आकडा बघा. खालच्या मर्यादेलाही पोचत नसेल तर पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे आणि मोटर ओझ्याखाली दबून चाललीय. वर जात असेल तर पिच कमी पडतोय. पिच एक इंचाने बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. मात्र आधी पंख्याची पाती वाकलेली नाहीत आणि होडीचा तळ स्वच्छ आहे, हे बघा. ही चाचणी पाण्यातच घ्या. किनाऱ्यावर नळाचं पाणी जोडून थ्रॉटल पूर्ण उघडू नका, पंख्यावर भार नसला की मोटर क्षणात मर्यादेपलीकडे जाते.