वाचक विचारतात : ते किंचाळणारं विमान

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर दोन पानं छापली आणि निम्मी पत्रं एकट्या स्टुकावरच, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानावरच आली, म्हणून आज फक्त तेच.

पिक्चरमध्ये विमान खाली यायला लागलं की तो कर्कश्श आवाज येतोच. खरंच येतो का हो? (एक वाचक, सांगली)

पिक्चरवाल्यांनी तो दिसेल त्या विमानाला चिकटवलाय. मूळचा आवाज एकाच विमानाचा, जर्मनीच्या युंकर्स कंपनीच्या जेयू ८७ चा, म्हणजे स्टुकाचा, आणि तोही इंजिनाचा नव्हे. चाकांच्या पायांवर सत्तरेक सेंटिमीटरचे लाकडी पंखे बसवलेले असायचे, सूर मारताना हवा लागली की ते गरगर फिरायचे आणि वेग वाढेल तसा आवाज चढत जायचा. बायबलमधल्या गोष्टीवरनं त्याला जेरिकोचा कर्णा म्हणायचे. काम एकच, खाली असलेल्या माणसाची गाळण उडवणं. मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या सेदानला फ्रेंच तोफखान्यावर स्टुका तासन् तास येत राहिली, तिथं बॉम्बपेक्षा भीतीनंच जास्त काम केलं. पण त्या पंख्यांपायी ताशी २०-२५ किलोमीटर स्पीड जायचा, आणि विमान आधीच हळू, म्हणून पुढं बऱ्याच पायलटांनी ते काढूनच टाकले.

सरळ खाली यायचं म्हणजे पायलटला चक्कर येत नव्हती का? आणि एवढा आटापिटा कशाला? (बारावीची विद्यार्थिनी, नाशिक)

आटापिटा नेमक्यासाठी. आडव्या उडणाऱ्या विमानातनं टाकलेला बॉम्ब पुढं ढकलला जातो आणि कुठं पडेल त्याचा भरवसा नसतो. स्टुका घारीसारखं नाक खाली करून जवळजवळ उभं यायचं, त्यामुळं जिकडं विमान तिकडंच बॉम्ब, चांगला पायलट टार्गेटच्या तीसेक मीटरच्या आत टाकायचा, म्हणजे पूल, जहाज, तोफ अशा बारक्या गोष्टी मारता यायच्या. पायाखाली काचेची खिडकी होती, टार्गेट तिच्यातनं बघायचं. बाजूच्या काचेवर कोनांच्या रेघा मारलेल्या असायच्या, त्या क्षितिजाशी जुळवल्या की किती अंशात चाललोय ते कळायचं. पंखांखालचे ब्रेक उघडले की स्पीड साधारण ताशी ६०० च्या आत राहायचा. बॉम्ब सुटताना तो प्रोपेलरवर आदळू नये म्हणून एक झुलती चौकट त्याला बाहेर ढकलायची.

चक्कर यायचीच. वर उचलताना वजन सहापट झाल्यासारखं वाटतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते, म्हणूनच बॉम्बचं बटण दाबलं की विमान आपोआप नाक वर करेल अशी सोय होती, आणि मला विचाराल तर या विमानातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. अर्थात जमीन कुठंय ते आधी दिसलं पाहिजे. युद्धाच्या दोनच आठवडे आधी, १५ ऑगस्ट १९३९ ला, जर्मनीतल्या नॉयहामरला जनरल लोकांसमोर प्रात्यक्षिक होतं, ढगांखाली मोकळी हवा मिळेल असं सांगितलेलं आणि तिथं निघालं जमिनीपर्यंत धुकं. १३ विमानं एकामागून एक जमिनीत घुसली, २६ जण गेले.

एवढं भारी होतं तर इंग्लंडवर का नाही चाललं? (निवृत्त शिक्षक, धारवाड)

सर, भारी होतं ते रिकाम्या आकाशात. पोलंडमध्ये, फ्रान्समध्ये वरती जर्मन फायटर होती, समोरचं हवाई दल मोडलेलं होतं, तेव्हा स्टुकानं हवं ते केलं. स्पिटफायर ताशी ५५० च्या वर पळणारं, आणि याचा जास्तीत जास्त स्पीड ३८० च्या आसपास, चाकं कायम बाहेर लोंबणारी, मागं एक गनर एका मशीनगनवर. सूर मारून झाल्यावर तर ते अगदीच सापडायचं. १८ ऑगस्ट १९४० ला एका दिवसात १५ हून जास्त स्टुका पडली, मग इंग्लंडवरनं ती काढूनच घेतली. गंमत म्हणजे १९३५ मध्ये पहिलं स्टुका उडालं ते रोल्स-रॉइसच्या ब्रिटिश इंजिनावर! आणि जर्मनीतही सगळ्यांना ते नको होतं, जून १९३६ मध्ये विमान खात्याच्या टेक्निकल ऑफिसातल्या रिष्टहोफेननं काम बंद करायचा हुकूम काढला, दुसऱ्याच दिवशी एर्न्स्ट उडेट त्या ऑफिसचा प्रमुख झाला आणि त्यानं तो हुकूम गुंडाळला.

समुद्रावर मात्र ते पुढंही घातक राहिलं, कारण तिथंही वर ब्रिटिश फायटर नसायची. २३ मे १९४१ ला ग्रीसच्या क्रीट बेटाजवळ स्टुकांनी एचएमएस केली हे ब्रिटिश लढाऊ जहाज बुडवलं, फुल स्पीडमध्ये वळताना बॉम्ब लागला आणि जहाज तसंच उलटलं. कप्तान पोहून वाचला. त्याचं नाव लुई माउंटबॅटन, सहा वर्षांनी दिल्लीत व्हाइसरॉय म्हणून आला तोच.

आपल्या मराठी जवानांवर स्टुकानं हल्ला केला होता का? (माजी सैनिकाचा मुलगा, सातारा)

हो, टोब्रुकला. २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलनं लिबियातल्या टोब्रुकवर चढाई केली, आणि आग्नेयेकडच्या ज्या भागावर घाला पडला तिथं सेकंड बटालियन, फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. आधी स्टुका आणि इतर बॉम्बर लाटेमागून लाट आले, तारा आणि सुरुंग उडवले, मग रणगाडे आत शिरले. ब्रिटिश फायटर तोवर इजिप्तकडं मागं गेलेली, टोब्रुकवर त्यांचं आकाश उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं, ३३ हजारांच्या आसपास लोक कैद झाले आणि त्यात मराठेही होते. त्या पहाटेसाठी बटालियनला दोष देणारे भेटतात, मला ते पटत नाही. वरून कुणी राखत नसताना उघड्या वाळवंटातली पलटण करणार काय?

रुडेलनं ५१९ रणगाडे फोडले हे खरं का? (एक वाचक, ठाणे)

रुडेल म्हणजे स्टुकाचा नावाजलेला जर्मन पायलट. आकडा जर्मन बाजूचा आहे, हवेतनं मोजलेले रणगाडे नेहमी जास्त भरतात. स्टुकाच्या पंखांखाली ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा बसवून तो रशियात रणगाड्यांमागं लागायचा हे खरं. युद्धानंतरही तो कट्टर नाझीच राहिला, तेव्हा पोस्टर लावताना जरा बघून.

आपल्या एअर फोर्सकडं असं काही होतं का? (एक वाचक, पणजी)

होतं की. अमेरिकन बनावटीचं व्हल्टी व्हेन्जन्स, ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रननी १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध वापरलं. त्यावर पुढच्या अंकात लिहितो, आज जागा संपली.