पुरस्काराआधी वह्या

तुमच्या संगीतकार वडिलांच्या नावाने पुरस्कार सुरू करावा की दरवर्षी स्मृतिमैफल ठेवावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही सध्या थांबवा. संगीतकार टिकतो तो त्याच्या चाली कुणीतरी नव्याने गात राहिलं तर. ज्याने त्यांना कधी पाहिलं नाही अशा गायकाच्या हाती आज काही देता येईल का, ते आधी बघा.

ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्ट १८२८ मध्ये गेला. त्याची मोठी सी मेजर सिंफनी (वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना) भावाकडे पडून होती. संगीतकार शूमानच्या नजरेला पडली म्हणून १८३९ मध्ये दुसरा संगीतकार मेंडेलसोन याने ती जर्मनीतल्या लाइप्झिगला सादर केली. ‘अपूर्ण’ सिंफनीचं हस्तलिखित मित्राकडे होतं, ती लोकांनी ऐकली थेट १८६५ मध्ये! कागद दोन्हीकडे शाबूत होते, वाजवणाऱ्यांपर्यंत पोचले नव्हते.

म्हणून आधी वडिलांच्या वह्यांमधल्या चालींची यादी करा. क्योखेल या अभ्यासकाने १८६२ मध्ये संगीतकार मोत्सार्टच्या रचनांची सूची काढली, तेव्हा प्रत्येक रचनेचे सुरुवातीचे स्वर दिले. तसंच करा, नुसत्या नावांवरून चाल ओळखता येत नाही, आणि एकाच गीताला दोन चाली असल्या तर घोळ होतो. खोडलेले कच्चे कागदही फेकू नका.

पण सगळ्यात घाई आहे ती वडिलांच्या साथीदारांकडे जाण्याची. वहीत मुखडा-अंतरा असतो. लय किती ठेवायचे, कुठली जागा घ्यायला सांगायचे, मधले संगीताचे तुकडे कोण वाजवायचं, हे माणसांच्या डोक्यात असतं. त्यांना वही समोर ठेवून गायला लावा आणि ध्वनिमुद्रण करा. मग जाणकाराकडून स्वच्छ स्वरलिपी लिहून घ्या.

जुन्या टेप घरच्या यंत्रावर लावून बघण्याचा मोह टाळा, खराब झालेली टेप एका वाजवण्यातही जाऊ शकते. तंत्रज्ञाकडून २४ बिटच्या वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणाऱ्या) करून घ्या. एमपीथ्री फक्त ऐकायला. एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा.

हक्कांचं मात्र भावंडांनी आत्ताच बसून ठरवा. भारतात संगीतरचनेचा कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो; शब्दांचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. परवानगी कुणाकडे मागायची हेच कळेना, तर गायक सरळ दुसरं गाणं निवडतो. तेव्हा एकाच वारसाला लेखी अधिकार द्या आणि त्याचा पत्ता प्रत्येक स्वरलिपीवर छापा.